डोळ्यांवर आलेलं पाणी

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला एक सिमेंटचा हौद आहे. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. इमारत बांधताना विटा भिजवायला तो केला होता आणि काम संपल्यावर मुकादम तो फोडायला विसरला. पुढची पन्नासेक वर्षं त्यात पाणी सोडून सगळं होतं. फुटक्या कुंड्या, बिनसीटची सायकल, मखराचे थर्माकोलचे तुकडे, आणि मधली दोन वर्षं तर दुसऱ्या मजल्यावरच्यांचा उखडलेला कमोड. एवढ्या काळात त्या हौदाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी तो घासूनपुसून त्यात पाणी भरलं, चार कुमुदिनी लावल्या, आणि तेव्हापासून तो सोसायटीच्या प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी पाळावंसं वाटतं. कुत्रा बायकोला चालत नाही, मांजर मला चालत नाही, पोपट कायद्याला चालत नाही. राहता राहिले मासे. पण हौद भरण्यामागे आणखीही एक कारण होतं, ते मी सभेत सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं मी माणसांना तळ्यांवर उतरवत आलो. ‘गोवालिया टँऽक!’ ‘सी. पी. टँक, चला पुढे!’ ‘दोन टाकी!’ ‘धोबीतलाव, धोबीतलाव!’ आणि यांतल्या एकाही थांब्यावर ओंजळभर पाणी नव्हतं. एकदा गावाहून नुकत्याच आलेल्या एका आजीबाईंनी धोबीतलावला उतरताना विचारलं, “तळं कुठल्या अंगाला रे बाबा?” मी मेट्रो सिनेमाकडे बोट दाखवलं आणि घंटी मारली. त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून म्हणा, पण एक तरी तळं पाण्यासकट असावं असं मनात होतं.

या शहराचं तळ्याविहिरींशी जुनं वैर आहे. आधी खणली, मग त्यांच्या नावाने रस्ते केले, मग ती बुजवून रस्ते रुंद केले. विहिरींचा निकाल डासांनी लावला. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला. हिवतापाचा डास घरोघरच्या विहिरींतच वाढतो, असं त्यात होतं. मग विहिरी बुजवा, नाहीतर झाकणं घाला, असा धडाका सुरू झाला. चर्चगेटची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची, ती श्रद्धेच्या बळावर तरली. माझ्या हौदामागे अशी कुठलीही श्रद्धा नव्हती, फक्त भविष्यनिर्वाह निधी होता.

आमची वरळी तर यात आणखी वरचढ. तिची ओळखच मुळी पाणी अडवण्यातून झालेली. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत शिरायचा, तो अठराव्या शतकाच्या शेवटी बांध घालून अडवला. बांध पुनःपुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली आणि समुद्रातून मूर्ती वर काढल्यावर बांध उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे खारं पाणी देवीच्या मध्यस्थीने बाहेर ठेवलं. गोड्या पाण्याला आत आणण्यासाठी मात्र अजून कोणाच्याही स्वप्नात कोणी आलेलं नाही. समुद्र दोन मिनिटांच्या अंतरावर गर्जत असतो आणि आम्ही पहाटे साडेचारला नळाची सूं-सूं ऐकत बसतो.

तर हौद. फेब्रुवारीत राणीच्या बागेतल्या फुलझाडांच्या प्रदर्शनातून चार कुमुदिनी आणल्या आणि क्रॉफर्ड मार्केटातून सहा गप्पी मासे. गप्पी हे नाव गप्पांवरून पडलेलं नाही. त्रिनिदादमध्ये गप्पी नावाचे एक साहेब होते, त्यांच्यावरून पडलंय. मासा स्वतः अगदी मितभाषी आहे. बोलण्यात वाया जाणारी सगळी शक्ती तो प्रजननाकडे वळवतो. अंडी घालायची भानगड नाही, थेट पिल्लं. दीड महिन्यात सहाचे साठ झाले. काही पिल्लं आईबापांनीच खाल्ली, तरीही साठ. तेव्हा रेशन कार्डावर नावं चढवायची नसल्याने मी मोजणी थांबवली.

पहिली तक्रार पाण्याची नव्हतीच. एप्रिलमध्ये पहिलं गुलाबी फूल उमललं आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक कार्यकर्ते खाली आले. २० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. “काका, नेमकं आत्ताच कमळ?” त्यांच्या स्वरात दुखावलेपण होतं. मी त्यांना हाताला धरून हौदापाशी नेलं. कमळाचं पान देठावर पाण्याच्या वर उभं राहतं आणि अखंड असतं. हे पान पाण्यावर लोळतंय आणि त्याला देठापर्यंत खाच आहे. म्हणजे ही कुमुदिनी. आचारसंहितेत बसत नाही. ते बराच वेळ खाच बघत राहिले. “पण लांबून कळत नाही ना,” म्हणाले. मतदान होईपर्यंत मी त्या फुलावर रोज सकाळी पालथं सूप ठेवत होतो.

मग टंचाई आली. महापालिकेने ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात जाहीर केली. मुंबईकराला ऋतू पंचांगातून कळत नाहीत, वर्तमानपत्रातल्या तलावांच्या चौकटीतून कळतात. सात तलाव: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. सगळे भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. या आकड्यात किती शून्यं येतात ते इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं, पण तो खाली येतोय एवढं सगळ्यांना कळत होतं. जिन्यात भेटल्यावर लोक शेअर बाजारासारखं बोलायला लागले. “भातसा काय म्हणतंय?” “पडलंय आणखी.” “तुळशी टिकून आहे म्हणतात.” तुळशी सातांतलं सगळ्यात चिमुकलं. ते टिकलं काय आणि आटलं काय, आपली आंघोळ काही त्यावर होत नाही, पण नावामुळे माणसाला आधार वाटतो. उलट मोडकसागर हे नाव ऐकून मला लहानपणी वाटायचं की धरणाला तडा गेलाय. तो मोडका नाही, मोडक नावाच्या अभियंत्यांचा आहे, हे कळायला मला बेस्टची नोकरी लागावी लागली.

जूनच्या अखेरीला साठा पाच टक्क्यांच्या आसपास आला. शिवाय सरकारने भातसा आणि अप्पर वैतरणातला राखीव साठा वापरायला परवानगी दिलेली होती. राखीव साठा म्हणजे आमच्या आईच्या डाळीच्या डब्यातली दहाची नोट. आहे हे घरात सगळ्यांना माहीत, आणि ती निघाली की घरात शांतता पसरायची.

आता दहा टक्के कपात म्हणजे काय, तर साध्या हिशेबाने दहा बादल्यांऐवजी नऊ. पण कपात जाहीर झाली की माणूस नऊ बादल्या वापरत नाही, पंधरा भरून ठेवतो. आमच्या इमारतीत त्या आठवड्यात पिंपं, टीप, कळशा तर भरल्याच, पण कुकर भरले, इडलीपात्रं भरली, पहिल्या मजल्यावर तर मुलांचा फुगवायचा टब भरून दिवाणखान्यात ठेवला होता. पाहुणे आले की त्याला वळसा घालून सोफ्यावर बसायचे.

आणि हे सगळं पाणी दुसऱ्या दिवशी ओतून दिलं जायचं. कारण ते ‘शिळं’. मी बीडीडी चाळीत वाढलो. एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात सात माणसं आणि आठवं पिंप. पिंपाला कोपरा राखीव होता, मला नव्हता. पहाटे नळ आला की आई आधी कालचं पाणी मोरीत ओतायची, हंडा चिंचेने घासायची आणि मग ‘ताजं’ भरायची. हे ताजं पाणी गेल्या पावसाळ्यात पडलेलं, आठ-दहा महिने धरणात बसलेलं आणि शंभरेक किलोमीटर नळातून सरपटत आलेलं असायचं. एवढ्या प्रवासात ते शिळं होत नाही, आमच्या तांब्याच्या हंड्यात एक रात्र काढली की होतं. यावर मी एकदा आईशी वाद घातला होता. तिने मला त्या दिवशी शिळ्या पाण्याने आंघोळ घातली.

तात्पर्य असं की, जून महिन्यात आमच्या इमारतीतून रोज सकाळी दीड-दोनशे लिटर पाणी सन्मानाने गटारात जात होतं आणि कोणाला काही वाटत नव्हतं, कारण जाणारं पाणी दिसत नाही. माझं तेवढं थांबलेलं, म्हणून दिसत होतं.

हौदातलं पाणी रोज किती कमी होतं ते मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं. मे महिन्यात दिवसाला अर्धा सेंटीमीटर, फार तर थोडं जास्त. हौदाच्या मापाने सात-आठ लिटर. म्हणजे जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एकदा ओढली की जेवढं जातं त्याहूनही कमी. हा शोध मला फार मोठा वाटला. मी तो वहीत लिहिला, खाली तारीख घातली.

पण सात लिटर तरी आणायचे कुठून? भर कपातीत नळाला पाइप लावून हौद भरायला मला वाघाचं काळीज नाही. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरिन माशांना सोसत नाही. ते बादलीत भरून दिवसभर उन्हात ठेवावं लागतं, आणि टंचाईच्या दिवसांत अंगणात भरलेली बादली बेवारस ठेवणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवी चप्पल काढून ठेवण्यासारखं आहे. बायको म्हणाली, “अहो, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला की. मी गुलाबाला घालते, बघा कसा तरारलाय.” घातलं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं, चौथ्या दिवशी ताकालाही येणार नाही असा वास यायला लागला, आणि सगळे गप्पी पृष्ठभागावर तोंडं काढून एका ओळीत उभे, थेट सकाळी सव्वानऊच्या बसची रांग. तांदळाच्या पिठूळ पाण्यावर जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात, हे मला त्या दिवशी कळलं. गुलाबाला श्वास पाण्यातून घ्यावा लागत नाही. अर्धं पाणी उपसून कुंड्यांना घातलं, आणि हौदाची पातळी एकदम गुडघ्याखाली आली.

इथे आमचे चेअरमन कथेत येतात. ते राहतात आमच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. त्यांच्या एसीची नळी मागच्या भिंतीवरून लोंबते आणि तिचं पाणी वर्षानुवर्षं आमच्या न्हाणीच्या खिडकीवर टपटपतंय. त्याबद्दल मी तीन अर्ज दिले होते. त्या रात्री झोप लागेना, टप-टप ऐकत पडलो होतो, आणि मनात विचार आला की हे पाणी तर हवेतलं. क्लोरिन नाही, क्षार नाही, पालिकेचं नाही, मीटरमध्ये नाही. उठून नळीखाली बादली लावली. सकाळी बघतो तो काठोकाठ! मुंबईच्या जूनमधल्या हवेत पाणी किती असतं हे अंगावर कळत होतंच, आता बादलीत कळलं. दुसऱ्याच दिवशी चार फूट प्लास्टिकची नळी आणून त्यांच्या नळीला जोडली आणि टोक हौदात सोडलं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मी दुसरीत पन्नास वेळा लिहिली होती, शिक्षा म्हणून. ती चेअरमनच्या एसीखाली खरी व्हायची होती.

पुढच्याच रविवारी सभा झाली. विषय एकच, ‘टंचाईच्या काळात होणारा पाण्याचा अपव्यय’. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “इथे प्यायला पाणी नाही आणि ह्यांचे मासे पोहतायत.” मासे पोहण्याऐवजी बसून राहिले असते तर चाललं असतं का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी वही काढली. बाष्पीभवन, सात लिटर, फ्लश, सगळं वाचून दाखवलं. सभेत भयाण शांतता. फ्लशचं नाव चारचौघांत निघालं, हा माझा मुख्य गुन्हा ठरला. पाणी शुद्ध करायच्या यंत्राबद्दलही माझ्याकडे एक पान होतं. मुंबईच्या तलावांचं पाणी मुळातच हलकं, क्षार कमी. तरी घरोघरी आरओ बसवलेत, आणि तांब्याभर पाणी गाळताना दोन-तीन तांबे नळीवाटे बेसिनमध्ये जातात. पण ते पान मी वाचलं नाही, कारण इमारतीत ते यंत्र सगळ्यात आधी आमच्याकडे आलं.

चेअरमन उठले. “प्रश्न लिटरचा नाही,” ते म्हणाले, “प्रश्न संदेशाचा आहे. बाहेरचा माणूस बघतो तेव्हा त्याला काय वाटेल?” बाहेरच्या माणसाला आमची मागची बाजू दिसत नाही, तिथे भिंत आहे. पण ठराव झाला, पाऊस येईपर्यंत हौद रिकामा करावा. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. सभा संपल्यावर चेअरमन घाम पुसत वर गेले आणि त्यांनी एसी लावला. मागे हौदात धार सुरू झाल्याचं मला ऐकू आलं.

या सगळ्या काळात मला निरुत्तर केलं ते एकाच माणसाने. आमचा वॉचमन शहापूर तालुक्यातला. तानसा, भातसा ही आमची धरणं त्याच्याच तालुक्यात आणि त्या तालुक्यातल्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर. एका संध्याकाळी तो हौदाच्या काठावर बसून विडी ओढत होता. मी त्याला वही दाखवली. त्याने नीट पाहिली, परत दिली. “काका, तुमच्या माशांना रोज पाणी येतंय,” म्हणाला. “आमच्याकडं एक दिवसाआड.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं त्याने. मी वही आत नेऊन ठेवली ती पुन्हा उघडली नाही.

ठरावाच्या तेराव्या दिवशी, हलक्या सरी सुरू झालेल्या, तेव्हा पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस आला. कोणीतरी डासांची तक्रार केली होती. कोणी, ते विचारू नये. काकूंच्या खिडकीचा पडदा हलला एवढंच सांगतो. खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याचा पांढरा डाव. त्याने हौदात डाव बुडवला, वर घेतला, उजेडात धरून तिरका केला. डावात एक गप्पी आणि तिची तीन पिल्लं. अळी एकही नाही. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातून घेतला, तेच. “हे पाणी स्वच्छ आहे,” तो म्हणाला, “हे मासे सगळ्या अळ्या खातात. आता घरातलं दाखवा.” डेंग्यूच्या डासाला हौद-तलाव असली ऐसपैस जागा लागत नाही, कुंडीखालची ताटली पुरते, हे तो जिना चढता चढता सांगत होता. काकूंच्या तुळशीखालच्या ताटलीत त्याला अळ्या सापडल्या. चेअरमनच्या घरी फ्रिजमागच्या ट्रेमध्ये काही नव्हतं, पण शुभशकुनाचा बांबू लावलेल्या काचेच्या भांड्यात होत्या. खाली येऊन तो मला म्हणाला, “वर सगळ्यांना सांगितलंय, गप्पी हवे असतील तर खालच्या काकांकडून घ्या.”

संध्याकाळी काकू काचेची बरणी घेऊन आल्या. लोणच्याची होती, झाकणाला अजून हळद लागलेली. “दोन द्या,” म्हणाल्या. “तुळशीच्या ताटलीत मावतील असे लहान द्या.”

हौद रिकामा करायचा विषय मग पावसातच वाहून गेला. २० जुलैला तुळशी भरून वाहू लागलं, चारपाच दिवसांत विहार, तानसा, मोडकसागर भरले, आणि २९ जुलैपासून कपात रद्द झाली. इमारतीतले कुकर पुन्हा शिट्ट्या द्यायला लागले. वर्तमानपत्रातली चौकट आतल्या पानावर गेली. हौद एकदा ओसंडला, त्यातून निसटलेले दोन गप्पी मी सायकल स्टँडखालच्या डबक्यातून गाळणीने गोळा करून आणले. आणि ऑगस्टमध्ये एक बगळा यायला लागला. भुरा, खांदे पाडून बसणारा, वसुलीला आलेल्या माणसासारखा. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याला ‘वंचक’ म्हटलंय. तो आला की गप्पी कुमुदिनीच्या पानाखाली जातात. मी आत जातो आणि परत येऊन मोजतो. दोन-तीन कमी असतात. कावळाही येतो, शिळ्या पावाचा तुकडा पाण्यात बुडवून, मऊ करून, पुन्हा उचलून नेतो. त्याला पाणी शिळं चालतं.

७ सप्टेंबरला गणपती आले. विसर्जनासाठी पालिकेने शहरात २०० च्या वर कृत्रिम तलाव केले होते, पण दीड दिवसाच्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि रस्त्यावर ढोलताशांपलीकडे काही हलत नव्हतं. मी हौदाशी छत्री घेऊन उभा होतो. मागच्या दारातून चेअरमन आले. सोवळं नेसलेले, डोक्यावर टोपी, हातात पाट, पाटावर शाडूची फूटभर मूर्ती, मागे त्यांची नात झांजा घेऊन, तिच्यामागे काकू आरतीचं ताट पदराखाली झाकून. चेअरमननी माझ्याकडे पाहिलं नाही. हौदाकडे पाहिलं.

“शाडूचीच आहे,” ते म्हणाले. “रंग नैसर्गिक. माशांना काही होणार नाही ना?”

“नाही होणार. आणि कुमुदिनीला चिकण मातीच लागते.”

“खोली पुरेल?”

“दीड फूट पाणी आहे. बाप्पा एक फुटाचे.”

त्यांनी वाकून बोट बुडवलं, खोली पाहिली. मग त्यांची नजर भिंतीवरून उतरणाऱ्या माझ्या प्लास्टिकच्या नळीवर गेली, नळीवरून वर आपल्या खिडकीपर्यंत गेली, आणि पुन्हा खाली आली.

“ही कसली नळी?”

“आधी बाप्पांना सोडू या,” मी म्हणालो आणि त्यांच्यावर छत्री धरली.